करवंटीचा कोळसा

द्रौपदी : अहो, मग तुम्ही शेठला काय म्हणालात?

लवू : काय म्हणणार? मान हलवली.

द्रौपदी : हो म्हणून?

लवू : हो म्हणून. उद्या अकराला पाणी तपासणारे साहेब येतायत. त्यांना विहिरीचं म्हणून आपल्या ड्रममधलं पाणी बाटलीत भरून द्यायचं.

द्रौपदी : तुमच्या कारखान्याचा रंग विहिरीत उतरतो म्हणून तर आम्ही बायकांनी अर्ज केला. पहिला अंगठा माझा.

लवू : ड्रममधलं पाणीही विहिरीचंच ना गो. फक्त गाळलेलं.

द्रौपदी : मला शिकवू नका. नारळी पौर्णिमेपासून चाळीतली प्रत्येक करवंटी आपल्या दारात येऊन पडते. त्या डब्यात कोंडून जाळायच्या, कोळसा कुटायचा, ड्रममधल्या वाळूवर थर द्यायचा, तेव्हा कुठे दिवसाला चार हंडे निघतात. साहेबाला वाटेल, अख्खी विहीरच अशी. आमचा अर्ज गेला केराच्या टोपलीत.

लवू : माझंच चुकलं. हौसेने शेठला ग्लास भरून दाखवायला गेलो. म्हटलं, बघा, करवंटीचा कोळसा तुमचा रंग कसा खातो.

द्रौपदी : मग, शाबासकी मिळाली?

लवू : खांद्यावर हात ठेवला त्याने. तेव्हा बरं वाटलं.

द्रौपदी : उद्या सांगा, जमणार नाही.

लवू : नोकरी त्याची, ही खोलीपण त्याचीच. संपात गिरणी गेली, दोन वर्षं मी घरी बसलो, तू पापड लाटलेस. परत लाटशील?

द्रौपदी : तेव्हा पदरात राधा नव्हती.

लवू : तेच म्हणतोय.

द्रौपदी : आतला कोळसा कधी घातलात?

लवू : तीन आठवडे झाले. सकाळपासून पाणी गुलाबी येतंय.

द्रौपदी : मग तोच राहू दे. साहेबाला गुलाबीच मिळेल. तुम्ही काही केलं नाहीत.

लवू : आणि शेजारच्या जानकीचा हंडा? आठ दिवसांची बाळंतीण, आपल्याच ड्रमच्या पाण्यावर आहे. तिला गुलाबी पाणी पाजू?

द्रौपदी : तिच्यापुरता नवा घाला, मग काढून टाका.

लवू : हंडा भरेपर्यंत उजाडेल, आणि शेठ सकाळीच येऊन ड्रमपाशी उभा राहणार आहे. त्याच्यासमोर कोळसा काढायला आपण घाबरतो हे त्याला माहितीय.

द्रौपदी : जानकीचापण अंगठा आहे त्या अर्जावर. माझ्या खालीच.

लवू : मग मी काय करू, ते तूच सांग.

द्रौपदी : सरका. कोळसा मी कुटते. तुमच्या हातचा जाडा राहतो, रंग निसटतो.