निळ्या पट्ट्याचा दगड

माझं नाव लीलाबाई. माहेर बोदवडकडचं, टेसनाच्या पल्याड आमचं घर व्हतं, अन् सासर हे धरणगाव. लगीन होऊन आली तं घरात सगळे अहिराणी बोलनारे, सासू काय म्हने ते मले वर्षभर अर्धंच समजे. अन् घर तरी कुठं व्हतं, काय सांगू तुम्हाले भाऊ, वर्षातले आठ महिने आमचं घर चाकावर. सासऱ्यानं लोखंडी ट्रॉलीवर पत्रा ठोकून, एका बाजूले खिडकी काढून घरगाडी केली व्हती, पुढच्या अर्ध्यात आम्ही झोपू, मागच्या अर्ध्यात माल. माल म्हंजे लोखंडाचा, तवे, कढया, झारे, विळे, हातोड्या. ट्रॅक्टर ओढे अन् आम्ही ह्या जत्रेतून त्या जत्रेत, धुळ्याकडं जा, सातपुड्याच्या पायथ्याले जा, जिथं देवाची जत्रा तिथं आमचे तवे.

ट्रॉलीले ब्रेक नही ऱ्हात, हे तुम्हाले माहीत नसंल. ट्रॅक्टर जोडलेला आहे तोवर ट्रॅक्टर तिले धरतो, पिन काढली की ट्रॉली कोनाची नही. म्हनून सासऱ्याचा कायदा व्हता, आधी चाकाले दगड, मंग पिन. दगडही जिथं जाऊ तिथले घ्यायचे नही, ते ठिसूळ निघतात, फुटतात. चार काळे दगड घरूनच सोबत ऱ्हात, वर निळ्या रंगाचा पट्टा मारलेला, म्हंजे दुसऱ्याच्या दगडात मिसळू नही. जत्रा उठली की सासरे आधी दगड मोजत, मंग मानसं. ते गेले अन् सगळा कारभार नानांच्या हाती आला. नाना म्हंजे माझे जेठ, ह्यांचे मोठे भाऊ. त्याईची बायको लवकर गेली, पोरं सुरतेले लागली, म्हनून ते आमच्यातच.

आता जेठाशी सूनबाईनं बोलायचं नही, ही आमची रीत. पदर हनुवटीपर्यंत. काही सांगायचं असंल तं सासूले सांगायचं, सासू नसंल तं भिंतीले सांगायचं, त्याईनं ऐकून घ्यायचं. भाकरी वाढू का, हे मी सासूले विचारे अन् नाना सासूले सांगत, अर्धी पुरे. हात लांब केला तं लागंल एवढ्याशा जागेत आम्ही राहत व्हतो, अन् एवढ्या वर्षात मी त्या मानसाशी एक शब्द बोलली नही.

त्या दिवशी जत्रा पायथ्याच्या गावाले व्हती. जागा उताराची मिळाली, उशिरा पोचलं की तशीच मिळते. नानांनी दगड लावले, दोन उताराच्या अंगाले, दोन वरच्या अंगाले, पिन काढली, अन् आमचे हे ट्रॅक्टर घेऊन राहिलेल्या फळ्या आनाले गेले. दुपारचं ऊन व्हतं. सासू ट्रॉलीच्या सावलीत बसून मेथी निवडत व्हती, उताराच्या बाजूले, सावली तिकडंच व्हती. मी थोडी दूर चूल मांडली. तीन दगड बांधावरून आनले, माह्या हातानं आनले, हे ध्यानात ठेवा. नाना माह्या चुलीपाशी ताडपत्रीच्या खुंट्या ठोकाले आले. भाऊ, आमच्या घरात विकाले हातोड्या, पन विकायच्या हातोडीले ओरखडा पडला तं गिऱ्हाईक घेत नही, म्हनून घरचं काम दगडानं. नाना गेले, खाली वाकले अन् उताराच्या चाकाखालचा एक दगड काढून घेऊन आले.

मी पाह्यलं. ह्या डोळ्यांनी पाह्यलं. नाना दोन हातावर व्हते, अन् मले बोलता येत नव्हतं. मी पीठ तसंच टाकून सासूपाशी गेली, म्हटलं आई, नानाले सांगा, तो दगड चाकाचा आहे, पयले तिथं ठेवाले सांगा. अन् तुम्हीही उठा तिथून. सासू म्हने, मन्हा आंडोरले शिकाडू नको, त्याले बठ्ठं समजस. म्हंजे माह्या लेकाले शिकवू नको, त्याले सगळं समजते. मी गेली परत पिठापाशी. दोन खुंट्या ठोकल्या, दगड तिथंच चुलीजवळ टाकला, अन् नाना तव्यांचा गठ्ठा उतरवाले ट्रॉलीत चढले. ट्रॉली हलली. उरलेला एकटा दगड मुरमावर काय धरंल, सरकला. घरगाडी पाच-सहा हात गेली अन् बाभळीले अडली, पन मधात सासू व्हती. चाक मांडीवरून गेलं.

मानसं धावली. कोनी म्हने दगड लावला नव्हता का. नानांनी इकडं तिकडं पाह्यलं, निळ्या पट्ट्याचा दगड माह्या चुलीपाशी पडलेला, अन् नाना म्हनाले, ती लई गयी चुल्हाले, म्हंजे तिनंच नेला चुलीसाठी. एवढंच. पंचवीस-तीस मानसं उभी, जेठ समोर, पदराआड माह्या तोंडातून आवाजच निघाला नही. मले आजही वाटते, तेव्हा ओरडली असती तं रीतच मोडली असती ना, मी काही मेली नसती.

दवाखान्यात ह्याईले मी सगळं सांगितलं. म्हनाले, नाना आसं करनार नही. म्हटलं आईले विचारा, आईले मी सांगितलं व्हतं. ह्याईनं विचारलं, अन् सासूनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

नऊ वर्षं पडून व्हती ती. नऊ वर्षं मी तिचं हागनं-मुतनं काढलं, पाठीले फोड येऊ नही म्हनून रोज कुशी बदलल्या. शेजारनी म्हनत, करावंच लागंल, तिच्याच पायी झालं. घरात चिमटा सापडत नसला की हे हसून म्हनत, पहा चुलीखाली असंल. पाव्हन्यासमोर म्हनत. सगळे हसत, मीही हसे. मरायच्या थोडं आधी सासूनं माहा हात धरला, तुनी मन्हं लई करं, म्हने. मी म्हटलं, आई, आता तरी एक डाव खरं सांगा ह्याईले. तिनं माहा हात सोडला. मंग म्हने, तो मन्हा आंडोर शे, बाई. मी तिची चादर नीट केली अन् बाहेर येऊन बसली. हेही गेले मागच्या साली, तेच मनात धरून गेले.

आता जत्रेत लोखंडी तवे कोन घेते. ती पाहा घरगाडी, अंगनात उभी आहे, टायर बसले, चाकं मातीत रुतली, बैल लावले तरी हलनार नही. नाना तिच्यातच राहतात, घरात या म्हटलं माह्या पोरीनं तं येत नही. मी दोन टाइम ताट पायरीवर ठेवते, बांगड्या वाजवते, ते समजतात. अन् रोज सकाळी उठले की आधी चाकापाशी जातात, दगड पायानं दाबून पाहतात. ह्या पोळ्याले बैलाच्या शिंगाचा रंग उरला व्हता, तं त्याईनं बसून चारही दगडांले नवा निळा पट्टा मारला. मी दारातून पाहत व्हती. त्याईले माहीत व्हतं मी पाहते.

मले काही नको भाऊ, माझं झालं आता. तुम्ही एवढं बसून लिहून घेतलं, देव तुमचं भलं करो. फक्त एक काम करा. आता तसेच जा, त्या पायरीवर बसा अन् हे त्याईले मोठ्यानं वाचून दाखवा, ऐकू कमी येते. दगडाचं तेवढं दोनदा वाचा. मी इथं दाराआड उभी ऱ्हाते. काही बोलले तं मले येऊन सांगा, नही बोलले तरी सांगा. अन् ताट रिकामं झालं असंल, येतांना घेऊन या.