चार मशिनींच्या डब्या

तुम्ही हसाल, पण माझ्या घरात शिलाई मशिनी चार आहेत आणि त्यांतल्या एकीवरही दुसऱ्याचा हात पडलेला मला खपत नाही. हात बदलला की टाका बिघडतो. त्यात आमची सून सीमा नवी आणि मशिनींकडे जरा जास्तच बघणारी. म्हणून बहिणीच्या गावी, चुडाव्याला निघताना चारही मशिनींमधल्या बॉबिनच्या डब्या काढून मी पर्समध्ये टाकल्या. डबी नसली की मशीन शिवतच नाही.

दोन दिवसांनी बोरीला घरी परत आले. मशिनींवरची कापडं जशीच्या तशी होती. तरी मन मानेना. आईच्या जुन्या मशीनवरचं कापड उचललं, तर सुईखाली लाल दोऱ्याचा तुकडा! मी महिन्याभरात लाल काही शिवलंच नव्हतं.

"सीमा, मशीनवर कोण बसलं होतं?"

"मीच बसले होते, आत्या."

"डबीशिवाय?"

"बाजारातून एक नवी आणली की. चारीलाबी तीच बसती."

"म्हणजे चारींवर शिवलंस?"

"बघितलं चालवून. पण ही जुनी लय हलकी हाय. आत्या, ही मला देता का?"

मी तिनं शिवलेला लाल ब्लाउज उलटा करून बघितला. एकही टाका वाकडा सापडला नाही, त्याचा तर जास्तच राग आला.

आता गावाला जाताना डब्या घरीच राहतात. सुनेला मात्र सोबत नेते.