राहीबाईचा जबाब

(वडूजजवळच्या एका गावातलं राहीबाईंचं घर. दुपारची वेळ. सोप्यात राहीबाई आणि फौजेतल्या थोरल्या मुलाची, लालासाहेबाची, बायको संयोगिता बसल्या आहेत. धाकटा मुलगा जयराज, साताऱ्याला दवाखाने तपासणारा अधिकारी, अंगणात फोनवर बोलतो आहे.)

राहीबाई: बघ की त्याच्याकडं. पायताण काढलं, पाय धुतलं, पर फोन काय कानाचा काढला न्हाई. घरातलं लेकरू गेलंय, आन ह्यो अंगणात येरझाऱ्या घालतोय. येस सर, येस सर.

संयोगिता: हळू बोला आत्याबाई. शिवांजलीचा आत्ता कुठं डोळा लागलाय.

राहीबाई: फडकं बदललंस का तिचं?

संयोगिता: सकाळपास्नं बदलतीयाच की. दूध थांबंना. घट्ट बांधलं तर कळवळती, सैल केलं तर चोळी भिजती.

राहीबाई: दुधाला काय ठावं, प्यायला कुनी न्हाई ते. मोगऱ्याची फुलं आनायला सांगितलीया, ती छातीला बांधू, दूध आटतं त्यानं. आला बघ सायब.

जयराज: आई, मुंबईहून फोन होता. घ्यावाच लागला.

राहीबाई: घे की. आमचा तेवढा घेऊ नगंस.

जयराज: त्या दिवशी मी सभेत होतो. फोन बाहेर ठेवायला लावले होते सगळ्यांचे.

राहीबाई: कसली सभा व्हती एवढी?

जयराज: दवाखान्यांच्या नव्या नियमांची.

राहीबाई: बरं झालं. नियमांस्नी तरी बरं हाय न्हवं?

संयोगिता: बसा भावजी. पाणी घ्या.

जयराज: दादाला रजा मिळाली का वहिनी?

संयोगिता: निघाल्यात. जम्मूस्नं गाडीत बसल्यात म्हनं. नातवाला खेळणं घेऊन ठेवलं व्हतं त्यांनी. त्याचं काय करू म्हनून मलाच इचारत व्हते. मी काय सांगू?

जयराज: मी शिवांजलीला भेटून येतो.

संयोगिता: नगा. ती म्हनली, काका आलं तर मला उठवू नगा.

राहीबाई: ऐकलंस? आता बस. आन कशाला आलायस ते सांग. नुसता भेटायला आला असतास तर हातात कागद नसता.

जयराज: आई, चौकशी लागली आहे. डॉक्टर भरतेशनं अडलेल्या बाईला दारातून परत पाठवलं. नव्या नियमात हा मोठा गुन्हा आहे. तू तिथं होतीस, तुझा जबाब लागेल. मी लिहूनच आणलाय, तू फक्त अंगठा...

राहीबाई: अंगठा? चौथीपतुर गेलीया मी साळंला. सही येती मला. वाच आदी.

जयराज: 'सदर महिलेस तीव्र प्रसववेदना होत असताना सदर डॉक्टरांनी...'

राहीबाई: सदर महिला कोन?

जयराज: शिवांजली.

राहीबाई: मग शिवांजली म्हन. पाळण्यात घालून नाव ठेवलंय तिचं. आन वेदना कुठं व्हत्या? कळा आल्याच न्हवत्या. पाणी गेलं व्हतं, आन बाळ हलायचं कमी झालं व्हतं.

जयराज: ते करू दुरुस्त. मुद्दा हा की त्यानं दार उघडलं नाही.

राहीबाई: त्याच्या दाराला कुलूप कुनी घातलं?

जयराज: कुलूप नाही, बाळंतपणाच्या खोलीला सील. आणि नियमानं लावलंय. शिकलेली नर्स नाही, ऑक्सिजनची टाकी रिकामी, जिना असा की आजारी माणसाला आडवं उतरवता येत नाही. पोरवयाची सोनम तिथंच गेली ना, गेल्या वर्षी? रक्त थांबलं नाही आणि रक्ताची बाटली साताऱ्यात. तिच्या आईनं माझ्या ऑफिसात येऊन माझे पाय धरले होते. मी काय करायला पाहिजे होतं?

राहीबाई: सोनमला मीच न्हाऊ घातलं शेवटी. मला शिकवू नगंस. घातलंस कुलूप, बरं केलंस म्हन. मग हितल्या बायकांनी जायाचं कुठं?

जयराज: सरकारी दवाखाना आहे वडूजला. नवीन इमारत, नवीन टेबल, नवीन मशीन.

राहीबाई: पयल्यांदा तितंच गेलतो आमी. मशीनला अजून पिलास्टिक गुंडाळलंय. भूल देनारा डॉक्टर मंगळवारी येतो म्हनली ती नर्स. पोरीनं मंगळवार बघून पाणी सोडायचं व्हतं, न्हवं?

जयराज: तिथं कायमच्या डॉक्टरचं पद मंजूर आहे आई.

राहीबाई: मंजूर हाय म्हंजी डॉक्टर हाय का न्हाई?

जयराज: नाही.

राहीबाई: मग तू आदीच कुलूप कसं घातलंस?

जयराज: दोन्ही एकदम व्हायचं होतं. एक माझ्या हातात होतं, ते मी केलं. दुसरं माझ्या हातात नव्हतं.

संयोगिता: पयल्या बाळंतपणाला म्हायेरी आनायची रीत हाय, म्हनून आनली पोरीला. तिची सासू म्हनत व्हती, पुण्यातच ऱ्हाऊ दे. मीच म्हनलं, न्हाई, तिचा काका दवाखान्याचा सायब हाय, आमाला कसली काळजी.

राहीबाई: तू रडू नगंस. आत पोर उठंल. जयराज, आता मी सांगती ते ऐक. सरकारी दवाखान्यातनं आमी सरळ भरतेशकडं गेलो. आष्ट्यास्नं येऊन वडूजात ऱ्हायलेला मानूस, केस पांढरं झालं त्याचं हितं. ह्या शिवांजलीची नाळ त्यानंच कापलीया. मला वाटलं, न्हाई म्हननार न्हाई. खिडकीत आला. म्या म्हनलं, डॉक्टर, मी जयराज सायबाची आय हाय, वळखलं न्हाई का, दार उघडा.

जयराज: आणि?

राहीबाई: त्याचं तोंड पांढरं पडलं. माझ्याकडं बघंना, रस्त्याकडं बघाया लागला, मागनं कोन येतंय काय ते. मग हात जोडलं आन म्हनला, 'आजी, सायबांस्नी सांगा, ह्या खेपंला न्हाई.' आन खिडकी लावली. मी लय वाजवली. आतला दिवाबी मालवला त्यानं.

संयोगिता: मला वाटलं, म्हातारपणानं येड लागलं त्याला.

राहीबाई: मला न्हाई वाटलं. ह्या खेपंला न्हाई म्हंजी काय, ते तवापास्नं माझ्या डोक्यात फिरतंय. तुला ठावं हाय. तू मघापास्नं तो कागद दुमडतुयास आन उलगडतुयास. सांग.

जयराज: त्याचा इथं काही संबंध नाही.

संयोगिता: भावजी, सांगा. माझी पोर हाय ती.

जयराज: सील लावल्यावरही तो मागच्या दारानं बाळंतपणं करतो अशी तक्रार आली होती. पुरावा पाहिजे होता. म्हणून एक बाई पाठवली आम्ही. सगळीकडं तसंच करतात. दिवस गेलेली होती, कळा नव्हत्या. कळा येतायत असं सांगायचं ठरलं होतं.

राहीबाई: कोन बाई?

जयराज: बनुबाईची सून.

राहीबाई: आपल्या आळीतली? माझ्या हातचं डोहाळजेवण जेवली ती.

जयराज: विश्वासातली लागते आई. अनोळखी बाई कोण तयार होणार?

राहीबाई: आन त्यानं काय केलं?

जयराज: आधी नाही म्हणाला. मग ती पायरीवर बसून ओरडायला लागली, तेव्हा मागचं दार उघडलं. पलंगावर घेतलं. आम्ही गल्लीत थांबलो होतो, लगेच आत गेलो. नोटीस दिली. परत सापडलास तर डॉक्टरकी जाईल, असं लिहून घेतलं त्याच्याकडून.

संयोगिता: खोट्या कळांस्नी त्यानं दार उघडलं.

राहीबाई: व्हय.

संयोगिता: आन आपली पोर मुकाट उभी व्हती. तुमीच म्हनला व्हता आत्याबाई, चार माणसांत तोंडातनं आवाज काढायचा न्हाई, आपल्या घरात तशी रीत न्हाई. भ्यानं ओठ चावून उभी व्हती वो ती. त्याला कसं कळावं?

राहीबाई: म्हनले व्हते मी. ते मी नाकारत न्हाई. पर तिनं हंबरडा फोडला असता तरी माझं नाव, न्हाई, ह्याचं नाव ऐकल्यावर त्यानं खिडकी उघडली नसती.

जयराज: त्यानं तपासायला पाहिजे होतं. हात लावला असता तर लगेच कळलं असतं. डॉक्टर आहे तो.

राहीबाई: हात लावला तर डॉक्टरकी जानार. न्हाई लावला तर तू ह्यो कागद आनलायस. त्यानं करायचं काय व्हतं, तूच सांग.

जयराज: जिवावरचं असेल तर सूट आहे. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय.

राहीबाई: त्याला सांगितलं व्हतं का कुनी?

जयराज: परिपत्रक गेलं होतं.

राहीबाई: बनुबाईची सून गेली तवा गाडी भरून माणसं गेली. हे सांगाया कागद गेला व्हय?

संयोगिता: मग साताऱ्याला नेताना वर्धनगडाच्या घाटात ती मला म्हनली, आई, हलायचं थांबलं. मी म्हनलं, झोपलं आसंल गं. ड्रायव्हरला म्हनलं, हळू घ्या, बाळ झोपलंय. साताऱ्यात पोचस्तोवर मी तिला तेच सांगत व्हते.

जयराज: वहिनी, मला कळतंय.

संयोगिता: न्हाई कळत भावजी. कळू नयेच कुनाला.

राहीबाई: जयराज, खरं बोल. ह्यो जबाब न्हाई मिळाला तर काय हुईल?

जयराज: मग प्रश्न माझ्याकडं येईल. दुसरी सोय नसताना सील का लावलं म्हणून.

राहीबाई: आता कुठं बोललास. म्हंजी एकतर त्याचं जाईल न्हाईतर तुजं.

जयराज: त्याचं तसंही गेलंच आहे. काल टेम्पो भरून आष्ट्याला गेला. दवाखाना बंद केला कायमचा. म्हणून म्हणतो आई, तुझ्या सहीनं त्याचं काही बिघडायचं राहिलेलं नाही.

राहीबाई: गेला?

जयराज: पाटी पण काढून नेली.

राहीबाई: म्हंजी आता वडूजात कुनीच न्हाई.

जयराज: पद भरलं की होईल सोय.

संयोगिता: जगतापाच्या पोरीला आठवा लागलाय. काल आईला घेऊन आलती, कुठं जाऊ इचाराया.

राहीबाई: तू काय सांगितलंस?

संयोगिता: काय सांगनार? पुण्याला जा म्हनलं. तिथं तिचं कोन हाय?

राहीबाई: आन कागद इकडं. ह्यो फाडू का तू फाडतुयास?

जयराज: आई, विचार कर.

राहीबाई: केला. दुसरा कोरा काढ. मी सांगती तसं लिव्ह. मी राहीबाई, डॉक्टरच्या खिडकीत उभी ऱ्हायले. पोरीची अवस्था सांगायच्या आदी म्या पोराचं नाव सांगितलं. नाव ऐकून मानूस भ्याला आन खिडकी लावली. का भ्याला, ते पोराला इचारावं. एवढंच. त्याखाली सही करती.

जयराज: असं लिहिलं तर माझी नोकरी राहणार नाही.

राहीबाई: ऱ्हाईल. तुमच्यात कुनाची जात न्हाई. नुसती बदली हुती. आन ज्या गावाला जाशील, तितंबी असाच एखादा भरतेश आसंल.

जयराज: मी एक पैसा खाल्ला नाही कुणाचा. कुणाला घाबरलो नाही. सोनमसारखी दुसरी मरू नये एवढंच बघितलं. मी चुकीचं काय केलं, ते तरी सांग.

राहीबाई: लिव्हलंस का मी सांगितलं ते?

जयराज: लिहिलं.

राहीबाई: आन इकडं. ही घे सही. आता चुकीचं इचारतुयास तर ऐक. तू चोर न्हाईस, वंगाळ न्हाईस. तुज्यावर माझा रागबी न्हाई, राग धरायला कायतरी शिल्लक लागतं. पर तू सायब झाल्यापास्नं मी बँकेत, एस्टीत, लग्नाच्या मांडवात, कुठंबी गेले तर ताठ मानेनं सांगायची, मी जयराजची आय. हितनं फुडं कुनी इचारलं, तर लालासाहेबाची आय म्हनून सांगीन.