घाटातला खिडकीजवळचा टेबल

हसू नका बे, पण लग्नाच्या वाढदिवसाले मी शोभाले राजूर घाटातल्या त्या महागड्या हॉटेलात घेऊन गेलतो. लग्न झाल्यापासून नेतो नेतो म्हणून राह्यलो होतो. खिडकीतून खालचा सारा मुलूख दिसते, म्हणून त्या टेबलाचे पैसेही वेगळे.

भाजी आली गोड. शोभानं ठेचा मागितला, त वेटर म्हणे, "मॅडम, चिली सॉस चालेल का?" पोळ्या गार. त्यात अंधार पडला, अन् काचीत आमचेच चेहरे दिसाले लागले. शोभानं ताट बाजूले सारलं. मी मनात म्हटलं, गेला वाढदिवस.

तेवढ्यात तिनं काचीले नाक लावलं. "अहो, तो उजेड आपल्या गावचा व्हय का?"

"असंल," मी म्हटलं.

तिनं लगेच माह्या बापाले फोन लावला. "मामाजी, ट्रॅक्टरचे लाइट घाटाकडे करा न जरा!"

बाबानं काऊन म्हणूनही विचारलं नाही. खाली अंधारात दोन दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. शोभा उभी राहून दोन्ही हात हलवाले लागली. बाजूच्या टेबलावरचे लोक जेवण सोडून खिडकीशी आले.

"कोण आहे ते?" एकानं विचारलं.

"सासरे माहे," शोभा म्हणे.

निघताना मी म्हटलं, "जेवण काही जमलं नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊ."

"हाव," शोभा म्हणे, "आपल्याच घराच्या स्लॅबवर लाइट लावून जेवू. ठेचा माह्या हातचा. अन् इथले लोक खिडकीच्या टेबलाचे पैसे भरून आपल्याले पाहतीन."