सायकलींना बंद झालेला रस्ता

मराठी कर्मचारी मंडळाचे अध्यक्ष आदरणीय भय्यासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती लहानूजी, त्यांच्या सौभाग्यवती मालनबाई आणि सभागृहात जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लहानूजींनी एकतीस वर्षं सेवा केली. घर जवळच्या रांझी वस्तीत; येणं-जाणं सायकलनं. गौरवाचे शब्द इतरांनी बोललेच आहेत. त्यांची विभागप्रमुख म्हणून मला जी गोष्ट सांगायची आहे, ती गौरवाची नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही चालकाशिवाय चालणारी मोटार बनवायला घेतली. तिला सायकलस्वार ओळखता यावा म्हणून कुणीतरी तिच्यासमोरून सायकल चालवायला हवी होती. विद्यार्थी कचरत होते. लहानूजी म्हणाले, "मी जातो ना जी. थांबन ते."

दोन वर्षं, रोज जेवणाच्या सुट्टीत, ते तिच्यासमोरून आडवे जात, तिरपे जात, कधी कॅरियरवर पोतं बांधून जात. मोटार प्रत्येक वेळी थांबली. किती कौतुक झालं आमचं!

मग एका कंपनीचे पाहुणे आले. म्हणाले, सायकलींमुळे गाडी फार थांबते, वेळ पाळत नाही. गाडी सुधारायला वर्ष लागणार होतं. सायकली बंद करायला? एक कागद. मोटार जिथं धावायची आणि लहानूजी जिथून रोज यायचे, त्या मागच्या फाटकाच्या रस्त्यावर सायकलींना मनाई झाली. कागदावर सही माझी होती.

लहानूजी माझ्या खोलीत आले. "काहून मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही हो. थोडे दिवस हायवेनं या."

"तिथं ट्रक राहतात जी. ट्रक नाही थांबत."

"संभलके आइए, बस," इथल्या सवयीनं हिंदीत म्हटलं आणि मी संगणकाकडे वळले.

नवव्या दिवशी सकाळी त्यांना डंपरनं उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यात मालनबाई एवढंच म्हणाल्या, "दीदी, मी तं तुमच्या त्या गाडीलेच भेत होती."

मनाई मागे घेणं व्यवस्थापनाच्या हातात होतं; मी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं नाही. मोटार आज त्या रस्त्यावरून अगदी वेळेवर धावते. समोर कुणी येतच नाही. उद्या शहरातल्या रस्त्यांवरही हेच होणार नाही, असं कोण छातीठोकपणे सांगेल?

आज सकाळी मी लहानूजींची माफी मागितली. ते म्हणाले, "मले एकट्याले नका सांगू मॅडम. सभेत सांगा."

म्हणून सांगितलं. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. जे केलं, ते मात्र घालू नये.