दारातला नास्तिक

दवाखान्याच्या बाकावर शिवणकामवाली बाई ताटकळत बसली होती. शेजारचं म्हातारं जोडपं धर्मप्रसाराला दूरदेशी निघालेलं, तब्येतीचा दाखला घ्यायला आलेलं. कान देऊ नये म्हटलं तरी ऐकू येतच होतं.

“काल प्रशिक्षणात घरोघरी प्रचाराच्या सरावाला तुम्हाला दार उघडणाऱ्या नास्तिकाचं सोंग घ्यायला सांगितलं होतं.”

“झालो की.”

“बाकीचे नवरे दोन वाक्यांत गार पडले. तुम्ही माझीच बोलती बंद केलीत.”

“अगं, सराव होता तो.”

“‘आयुष्यभर हाका मारल्या, पलीकडून कुणी हूं की चूं केलं नाही.’ हे कुणी शिकवलं?”

“सुचलं.”

“आणि डोळे पुसलेत ते?”

म्हाताऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“अहो, घर भाड्याने दिलंय, सुनेकडे सामान टाकलंय. आता तरी खरं सांगा. तुमचा विश्वास आहे ना?”

“प्रार्थनेला तू डोळे मिटायचीस आणि मी तुझ्याकडे बघत बसायचो. त्याला विश्वास म्हणतात का, मला खरंच कळत नाही गं.”

“अगं बाई! मग इतकी वर्षं...”

“धर्मसेवेचे आजी-आजोबा, आत या!” नर्सने हाक मारली.

“जायचं का? तू म्हणशील तसं.”

“माझं डोकंच चालेनासं झालंय. आधी हात द्या, गुडघा धरलाय.”

शिवणकामवालीने पाय आखडून त्यांना वाट करून दिली.