थे म्हटलं की मले समजे

(सांगणाऱ्या सगुणाबाई सडक अर्जुनी तालुक्यात तलावाकाठच्या एका गावात राहतात. घरची धानाची शेती आहे.)

माझं माहेर देवरीकडचं, जंगलाला लागून. मोहफुलं वेचता वेचता मोठी झाली आन लग्न होऊन या गावात आली. काय सांगू तुम्हाला, या घरात कोणी वस्तूचं नावच घेत नव्हतं. तुम्ही ‘ते’ म्हणता, आम्ही ‘थे’ म्हणतो, आन इथं सगळंच थे. सासू चुलीजवळून म्हणायची, अवो, थे आण, थ्याच्यात ओत, आन थे झाकून दे. माझ्या माहेरी भाताच्या गंजाले गंज म्हणत, पळीले पळी म्हणत. पहिल्या आठवड्यात सासऱ्याच्या वाटीतली पेज मी म्हशीच्या घमेल्यात ओतली. सासू म्हणे, काऊन वो, म्हशीचं लग्न हाये का आज. मंग मी तिच्या हाताकडं पाहू लागली, डोळे कुठं जातात थे पाहू लागली. महिन्याभरात असं झालं की तिनं नुसतं थे म्हटलं की वस्तू तिच्या हातात. तिनंच मंग साऱ्या आळीत सांगितलं, माझ्या सुनेले अर्धं बोललं तरी पुरते. मले त्याचा गर्व होता, खोटं कायले सांगू.

आमचे हे गावाचे पाणकर. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा. आमच्या तलावाले दोन तोंडं, एक वरचं, एक खालचं, आन कोणत्या दिवशी कोणतं उघडायचं हे पाणकर ठरवतो. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते, म्हून कोणाच्या बांधीत काय उभं हाये, काय कापलं हाये, हे त्याले पाठ पाहिजे. यायचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, बापही पाणकर, त्याचा बापही. रोज पहाटे पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चक्कर, मंगच चहा.

तीन वर्सं झाली, यायले लकवा मारला. उजवा हात लटकला, वाचा गेली. गोंदियाले नेलं. खिडकीवरचा माणूस विचारे, पेशंट का नाम. मी म्हटलं, आमचे हे. थो म्हणे, माताजी, ऐसा नाम नहीं होता. जन्मात नाव घेतलं नव्हतं, मंग माझा पोरगा हेमराज म्हणाला, दुधराम लिहा. पुढं हात थोडा आला, पाय आला, बोलणंही आलं, पण नावं आली नाहीत. डॉक्टर म्हणे, इनको सब समझता है, सिर्फ नाम नहीं आता. पाण्याले थे, भाकरीले थे, मलेही थे. मी म्हटलं, एवढंच ना, या घरात नवीन काय हाये.

गावानंही धरून घेतलं. हे पाळीवर काठी घेऊन बसत, काठीनं दाखवत, थे म्हणत, आन मी बाजूले उभी राहून सांगे, वरचं उघडा, आता बंद करा. लोक म्हणत, दुधराम पाणकर, आन सगुणाबाई त्याचा भोंगा. दोन हंगाम असे निघाले.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या धानाले शेवटचं पाणी पाहिजे होतं, लोकं घाई करून राहिले होते. मले घरी सैपाक पडला होता. यायनं काठी खालच्या तोंडाकडं केली आन म्हणाले, थे. मी म्हटलं, हाओ, समजलं, आन खाली ओरडली, खालचं उघडा. हे पुन्हा थे थे म्हणाले, काठी जमिनीवर आपटली. मले वाटलं, घाई करून राहिले. मी म्हटलं, उघडून राहिले ना, जरा दम धरा, आन घरी निघून गेली.

खाली मोतीरामची बांधी. त्यानं हलका, म्हणजे लवकर येणारा धान आदल्या दिवशीच कापला होता, कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच वाळत पडल्या होत्या. मी त्या बाजूले गेलीच नव्हती, मले काय माहीत. यायले माहीत होतं, पहाटे पाहून आले होते. संध्याकाळपर्यंत साऱ्या कडपा पाण्यात.

मोतीराम दारात आला. म्हणे, काऊन गा दुधराम, डोकं पूर्णच गेलं का. हे म्हणाले, थे. थो म्हणे, थे थे करून माझा धान वाळणार नाही. मी दारातच उभी होती. तेव्हाच बोलायचं होतं, नाही बोलली. दोन दिवस मोतीरामच्या बांधीत जाऊन कडपा पलटवल्या, खालच्याले कोंब फुटले होते. त्याची बायको म्हणे, बाई, तुम्ही कायले करता, चूक तं त्याईची. तेव्हाही नाही बोलली. हे घरी भिंतीकडं तोंड करून बसत. पहाटेची चक्कर बंद केली. चाळीस वर्सांत लगीन असो की मरण, चक्कर चुकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाळीवरच्या मोहाखाली गाव बसलं, पाणकर बदलायले. हेमराज यायले घेऊन गेला, मी मागून गेली. दोघातिघांनी सांगितलं, माणूस चांगला, पण आता नाही जमत. यायनं मान खाली घातली. मंग मी उभी राहिली. म्हटलं, पाणी यायनं नाही सोडलं, मी सोडलं. हे सांगून राहिले होते, मी पुरतं ऐकलं नाही. कोणीतरी म्हणालं, नवऱ्याले वाचवून राहिली बाई. मी म्हटलं, वाचवायचं असतं तं दोन दिवस गप्प नसती बसली, यायलेच विचारा.

मोतीराम यायच्या पुढं येऊन बसला. म्हणे, सांग गा, त्या दिवशी काय म्हणायचं होतं. हे उठले. काठी टेकत खाली उतरले, मोतीरामच्या बांधीत गेले, कोंब फुटलेला मूठभर धान उचलला, आन परत चढून आले. वेळ लागला, पण कोणी उठलं नाही. थो धान खालच्या तोंडावर ठेवला, त्याच्यावर काठी आडवी घातली, आन काठी जमिनीवर आपटली, तशीच, दोनदा. म्हणाले, थे.

मोतीरामनं थो धान उचलला, म्हणे, खाली धान पडला हाये, बंदच ठेवा म्हणत होता हा. मंग म्हणाला, पाणकर हाच राहू द्या, भोंगा बदला. सारे हसले. मीही हसली, पण लागलं.

भोंगा बदलला नाही, पण आता रीत बदलली. यायनं थे म्हटलं की मी पाळीवर खाली बसते. काठी कुठं जाते पाहते, उतरून त्या बांधीपर्यंत जाऊन येते, परत येऊन विचारते, हे का, आन यायनं मान हलवली तरच सांगते. पाणी सुटायले अर्धा दिवस जाते. लोकं कुरकुरतात, म्हणतात, सगुणाबाई, तुले तं यायचं अर्धं बोललेलं समजते, काऊन उशीर करते. मी म्हणते, समजते ना, म्हूनच विचारून राहिली. चक्कर पुन्हा सुरू हाये. आता आम्ही दोघं जातो, हे पुढं, मी मागं. बस, एवढंच हाये माझं. तुमच्याही घरचं पाणी वेळेवर पोचो.